पगार वाढला, हात आखडला: मंगळवार पेठेतल्या एका घराचा चाळीस वर्षांचा हिशेब

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत स्वतःचे जुने घर असलेले हे चौघांचे कुटुंब आहे. आजी 72 वर्षांच्या. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात सुपरवायझर, सून एका खासगी दवाखान्याच्या बिलिंग विभागात, आणि नात तेव्हा, म्हणजे 2024 मध्ये, नववीत. आजोबा शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा ठोकळ केल्या आहेत.

मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. हप्ते थकायला लागलेल्या सभासदांबरोबर बसून घरखर्च कागदावर मांडणे हा त्या कामाचाच भाग. हे घर मात्र थकबाकीत गेले नव्हते. 2024 च्या जुलैमध्ये मायलेक दोघे आले ते सोनेतारणाची चौकशी करायला. आजींच्या पाटल्या आणि बोरमाळ ठेवायची होती. कशासाठी, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "क्रेडिट कार्ड भागवायचंय." किती, तर 62,000. दोघांचा पगार चालू, घरभाडे नाही, व्यसन नाही, घरात कोणाचे मोठे आजारपण नाही. मग हे कर्ज आले कुठून, या प्रश्नाला मायलेकांकडे दोन वेगळी उत्तरे होती, आणि काउंटरवरच त्यांचा वाद सुरू झाला.

आजींकडे एक दुर्मीळ गोष्ट होती. 1978 पासून 2003 पर्यंत त्यांनी घरखर्च लिहून ठेवला होता. दरवर्षी मिळणाऱ्या फुकटच्या डायऱ्यांत, पेन्सिलीने, मधली दोनचार वर्षे सोडून. पुढच्या खेपेस त्या पिशवीभर डायऱ्या घेऊनच आल्या. मुलाला दाखवायचे होते की आम्ही एवढ्याशा पैशात घर चालवले, तुम्हाला का जमत नाही.

अडचण

घराची महिन्याची मिळकत 60,000 होती. मुलाचे हातात येणारे 38,000, सुनेचे 17,000, पुढच्या खोलीतल्या शिंप्याच्या दुकानाचे भाडे 4,000, आणि आजींची कर्मचारी पेन्शन योजनेतली (ईपीएस-95) विधवा पेन्शन 1,000. खर्च मात्र 65,000. दरमहा पाच हजारांचा खड्डा कार्डाने भरला जात होता. कार्डावर उरलेल्या रकमेला महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचे धरले तर चाळीस टक्क्यांच्या वर.

आजींचे म्हणणे ठाम होते. "मोबाईलवरनं पार्सल येतंय, दुसरं काय हाय?" मुलगा म्हणायचा, "आई, महागाई बघ की. तेलाचा डबा केवढ्याला झालाय." सून दुसऱ्या बैठकीला आली. बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "आत्ती, पार्सल आठवड्यातनं एकदाच येतंय. मी साडेसहाला दारात पाय ठेवतो, तेव्हा भाकरी थापायचं बळ नसतंय."

मला तिघांचेही पटत होते. पण तिघेही बोलत होते ते खाण्यावर. खड्डा खाण्यातच आहे हे त्यांनी गृहीत धरले होते, कारण डोळ्यांसमोर रोज येणारा खर्च तोच. हप्ता कोणाला दिसत नाही. तो पाच तारखेला खात्यातून आपोआप जातो.

डायऱ्या काय सांगतात

पहिला खल झाला तो कोणता महिना घ्यायचा यावर. आजींनी 1983 चा जून उघडला. त्या महिन्यात वाणसामानाचा आकडा फारच छोटा होता आणि त्यांना तोच पुढे करायचा होता. पण आधीचे पान उलटले की कारण समजते. मे महिन्याच्या एका पानावर ओळीने लिहिले होते: जोंधळा दोन पोती, तांदूळ एक पोते, तूरडाळ, गुळाचा एक रवा (ढेप), बेडगी मिरची चार किलो, संकेश्वरी दोन किलो, खोबरे, धने, लसूण, कांडप. वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच लक्ष्मीपुरीच्या बाजारातून भरली जायची, तीही बहुतेक आजोबांनी वर्षभर भरलेल्या पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडे थोडे भरायच्या ठेवीच्या, पैशातून. त्यामुळे एक महिना दुसऱ्या महिन्याशी ताडून पाहण्यात अर्थ नव्हता. आम्ही तीन पूर्ण वर्षे घेतली.

1983-84 मध्ये घराचा वर्षाचा खर्च 9,600 रुपये होता. त्यातले सुमारे 6,000 खाण्यावर, म्हणजे जवळजवळ 63 टक्के. 1998-99 मध्ये खर्च 74,000 आणि खाणे 36,000, म्हणजे 49 टक्के. 2023-24 मध्ये खर्च 7,80,000, खाणे 2,28,000, म्हणजे 29 टक्के. यात हॉटेल आणि पार्सल धरलेले आहे.

हे कोल्हापूरपुरते किंवा या घरापुरते नाही. मिळकत वाढली की खाण्यावरचा खर्च रुपयांत वाढतो पण त्याचा वाटा घटतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच मांडले. केंद्र सरकारच्या उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा 1999-2000 मध्ये 48 टक्के होता. 2023-24 मध्ये तो 40 टक्क्यांच्या किंचित खाली होता. अन्नाच्या आतही उलथापालथ झाली. शहरात तृणधान्यांचा वाटा त्याच काळात 12 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आसपास उतरला आणि पेये, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा 11 टक्क्यांपर्यंत चढला. आजींचा पार्सलवरचा राग या दुसऱ्या बदलाशी जुळतो. पण एकूण खाण्याने घर बुडवले, हे त्यांच्याच डायऱ्यांत बसत नव्हते.

या घराचा 29 टक्के हा आकडा देशाच्या सरासरीपेक्षा एवढा कमी का, याचेही उत्तर शोधले. आम्ही खर्चात सगळे हप्ते धरले होते. ते वगळले तर खाण्याचा वाटा 42 टक्के येतो, सरासरीच्या जवळपास. घरकर्जाची परतफेड पाहणीत उपभोग म्हणून मोजली जात नाही. म्हणून एखादे घर पाहणीच्या कागदावर अगदी सर्वसाधारण दिसू शकते आणि त्याच वेळी त्याचा श्वास कोंडलेला असू शकतो.

मग आम्ही खर्चाची दुसरी वाटणी केली. ज्या खर्चाला ठरलेली तारीख आहे आणि जो चुकवला तर दंड, तगादा किंवा तोडलेले कनेक्शन पदरी येते, तो तारखेचा खर्च. बाकीचा बिनतारखेचा. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे.

1983-84 मध्ये तारखेचा खर्च होता लाइटबिल, शाळेची फी आणि विम्याचा हप्ता: वर्षाला 1,250, म्हणजे 13 टक्के. 1987 मध्ये एका पानावर "गॅस आला" अशी नोंद आहे, त्याआधी रॉकेलचा स्टो. 1996 मध्ये डायऱ्यांतला पहिला वस्तूचा हप्ता दिसतो, रंगीत टीव्हीचा, बारा महिन्यांचा. मग केबल, मग टेलिफोन, मग मुलाचा बारावीचा क्लास. 1998-99 मध्ये तारखेचा खर्च 23 टक्के झाला. 2023-24 मध्ये तो एकूण खर्चाच्या 54 टक्के होता. महिन्याच्या भाषेत: घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता 8,800, मोटारीचा 7,600, फोन आणि फ्रिजचा मिळून 3,600, शाळा, शिकवणी आणि रिक्षाकाका 8,500, वीज, गॅस, मोबाईल आणि इंटरनेट 4,500, विमे 2,000. एकूण 35,000. घरात तांदळाचा दाणा यायच्या आधीच 60,000 पैकी 35,000 बांधलेले.

आजींच्या काळात टंचाई आली तर वाकवायला जागा होती. भात कमी, जोंधळा जास्त. मटण या रविवारी नको. दुकानदाराच्या वहीत लिहा, पगार झाला की देतो. पिग्मीवाल्यालासुद्धा दारातून "उद्या या" म्हणता यायचे. त्यांचे लग्न 1972 च्या दुष्काळातले. रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, तांबड्या भाकरी खाल्लेल्या बाईला खर्च आवळणे शिकवावे लागत नव्हते. आता खात्यातून परस्पर कापल्या जाणाऱ्या हप्त्याला कोणी "उद्या या" म्हणू शकत नाही. शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो आणि वर दंड लागतो. म्हणून टंचाई आली की कात्री चालते ती ज्याला तारीख नाही त्यावर, म्हणजे ताटावर आणि औषधांवर.

औषधांचे कळले ते सुनेमुळे. ती बिलिंगमध्ये असल्याने तिची नजर पाकिटांवर गेली. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा तीस दिवसांचा साठा साठ-साठ दिवस पुरत होता. विचारल्यावर आजी सहज म्हणाल्या, "एक दिवस आड घेतो मी. काय होत न्हाई." मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. घरात पार्सल, महागाई आणि फ्रिज यांवर वर्षभर वाद झाले होते, आणि प्रत्यक्षातली काटकसर चालली होती ती या गोळ्यांच्या पाकिटात.

समोर असलेले पर्याय

सोनेतारण हा मुलाचा पहिला विचार. कार्डाच्या व्याजापेक्षा सोनेतारणाचे व्याज खूपच कमी, त्यामुळे एका कर्जाच्या जागी दुसरे घेण्यात गणित चुकत नव्हते. पण महिन्याचा पाच हजारांचा खड्डा तसाच राहणार होता. वर्षभरात कार्ड पुन्हा भरले असते आणि पाटल्याही अडकल्या असत्या. आमच्या संस्थेचा धंदा बुडतो म्हणून मी गप्प बसणार नव्हते. आधी खड्डा बुजवा, मग तारणाचे बोलू, असे मी सांगितले.

आजींचा पर्याय पार्सल आणि हॉटेल बंद करण्याचा. त्यावर महिना 4,200 जात होते. सगळे बंद केले तरी खड्डा पूर्ण भरत नव्हता, आणि दोन्ही पाळ्यांचे ओझे, दवाखान्यातले आणि घरातले, एकट्या सुनेवर पडणार होते. 1983 मध्ये वर्षाची बेगमी, चटणी, कुरड्या, सांडगे हे सगळे आजींच्या बिनपगारी श्रमावर उभे होते. ते श्रम डायरीत कुठेच लिहिलेले नाहीत. जुन्या स्वस्ताईचा हिशेब करताना हे विसरले जाते आणि त्याची किंमत बहुधा घरातल्या सुनेकडून वसूल होते. मला हे बोलून दाखवावेसे वाटले आणि मी बोलले. आजींना राग आला नाही. "माझं मनगाट त्यातच गेलं," म्हणाल्या.

नातीची शाळा बदलण्याचा विषय निघाला आणि लगेच मिटला. वर्ष सुरू झाले होते, पुढच्या वर्षी दहावी.

घरकर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता आला असता. महिन्याला दोनेक हजार सुटले असते, पण एकूण व्याज वाढले असते. हा पर्याय राखीव ठेवला.

उरली मोटार. 2021 मध्ये घेतलेली. मुलगा कामाला कंपनीच्या बसने जात होता. गाडी बाहेर निघायची ती रविवारी, लग्नाकार्याला आणि आजींना दवाखान्यात न्यायला. हप्ता, पेट्रोल, विमा, देखभाल मिळून महिना दहा हजारांच्या वर. आकड्यांत सर्वांत सोपा आणि मनाला सर्वांत जड पर्याय हाच होता. मुलाने स्पष्ट सांगितले, "भावकीत तोंड दाखवायचं कसं? गाडी विकली म्हणजे बसला, असंच म्हणणार सगळे." ही भीती खोटी नव्हती. पेठेत दारासमोरची गाडी चार लोक बघतात, आणि मुलीच्या लग्नापर्यंत घराची पत जपायची असते, असे त्याच्या मनात खोल रुजलेले होते. त्याला तिथे बसून उपदेश करणे मला बरे वाटले नाही. तीन आठवडे काहीच ठरले नाही.

निर्णय आणि कृती

निर्णय झाला तो गोळ्यांमुळे. मुलगा ऑगस्टच्या अखेरीस एकटाच आला आणि गाडीच्या कर्जाची बाकी किती, ते कसे बंद करायचे, हे विचारू लागला. गणपती झाल्यावर विकायचे ठरले. मग पितृपंधरवडा आला. त्यात गिऱ्हाईक नाही, म्हणून घटस्थापनेपर्यंत थांबावे लागले आणि आणखी एक हप्ता गेला. ऑक्टोबरमध्ये गाडी 3,10,000 ला गेली. कर्जाची बाकी 2,20,000 फेडली. राहिलेल्या 90,000 मधून कार्डाचे 62,000 एकरकमी भरले आणि 28,000 वेगळ्या खात्यात ठेवले. कार्ड बंद केले. दागिने घरीच राहिले.

फोन आणि फ्रिजचे हप्ते डिसेंबरमध्ये संपणार होते, ते तसेच चालू दिले. ते "बिनव्याजी" म्हणून घेतलेले होते. अशा योजनांतले व्याज बहुतेक वेळा सोडलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये हरकत घेतली होती ती याच कारणाने.

औषधांसाठी आधी डॉक्टरांना विचारले. त्यांनी होकार दिल्यावर त्याच घटकाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून सुरू केल्या. रोजची गोळी रोज घेऊनही बिल आधीपेक्षा कमी आले. 70 वर्षे आणि त्यावरील सर्वांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण सुरू झाले. आजींचे त्या योजनेचे "वय वंदना" कार्ड काढले. ते दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडते, रोजच्या गोळ्यांना नाही, हे त्यांना दोनदा समजावून सांगावे लागले.

शिंप्याचे भाडे नऊ वर्षे वाढवलेले नव्हते. आजींना ओळखीच्या माणसाकडे तोंड उघडणे नको होते. शेवटी सुनेनेच विषय काढला आणि तो 5,000 ला राजी झाला.

2025 च्या उन्हाळ्यात बेगमीही केली, पण अर्धी. चटणी घरच्या मसाल्याची, कांडपावरून करून आणलेली. तांदूळ आणि जोंधळा सहा महिन्यांचा, रविवारी लक्ष्मीपुरीत मुलाने जाऊन घेतलेला. कुरड्या-सांडगे विकतचे. आजींना वर्षाचे धान्य भरायचे होते; ठेवायला जागा नाही आणि पावसाळ्यात कीड लागते यावर सून अडून बसली. मला सुनेचे बरोबर वाटले.

काय साधले

गाडी गेल्यावर हप्ता, पेट्रोल आणि विमा मिळून 10,200 वाचले. रिक्षाचे 1,200 वाढले. नऊ हजारांच्या फरकाने पाच हजारांची तूट चार हजारांच्या शिलकीत बदलली. जानेवारी 2025 पासून फोन-फ्रिजचे 3,600 मोकळे झाले. तारखेचा खर्च मिळकतीच्या 58 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आला. पार्सल अजूनही आठवड्याला एकदा येते, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. दिवाळीत पाहुण्यांकडे जाताना मुलगा अस्वस्थ होता, आणि एका चुलतभावाने सर्वांसमोर विचारलेच. पुढच्या लग्नाला मुलगा गेला नाही, सुनेला आणि आईला एसटीने पाठवले. हा सल अजून आहे. आजींच्या रक्तदाबाची तपासणी आता नियमित होते. आकडे आधीपेक्षा बरे आहेत एवढेच डॉक्टरांनी सांगितले.

वेगळे काय करता आले असते

गाडी घेताना घरकर्जाचा हप्ता आधीच चालू होता. त्या वेळी कर्ज देणाऱ्याने पगाराची पावती पाहिली, पण घरातला एकूण तारखेचा खर्च कोणीच मांडला नाही. पुढच्या तीन वर्षांत फोन, फ्रिज आणि शिकवणी एकेक करून जोडली गेली. प्रत्येक हप्ता एकटा पाहिला तर परवडणारा होता. 2021 मध्ये एक बेरीज केली असती तर गाडी जुनी किंवा लहान घेतली गेली असती, कदाचित थांबलीही असती.

घरकर्ज दुसऱ्या एका पतसंस्थेचे, स्थिर दराचे आहे. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला, तरी त्यांच्या हप्त्यात पैचा फरक पडला नाही. कर्ज बँकेकडे वर्ग करता येईल का, याची चौकशी गाडी विकली तेव्हाच व्हायला हवी होती. ती अजून चालू आहे.

नातीला या सगळ्यातून बाहेर ठेवले. गाडी विकल्याचे तिला शाळेतून आल्यावर कळले. पंधरा वर्षांच्या मुलीला हिशेब समजतो. तिला आधी बसवले असते तर पुढचे दोन महिने ती घरात कोणाशी धड बोलली नाही, ते टळले असते.

आणि औषधे. घरखर्चाची यादी करताना "औषध: 3,000" असा एक आकडा लिहून पुढे जाणे सोपे असते. आता मी प्रत्येक घराला ज्येष्ठांच्या गोळ्यांची पाकिटे आणि तारखा पाहायला सांगते. खर्च किती झाला यापेक्षा कोणता खर्च व्हायला हवा होता आणि झाला नाही, हे त्यातून कळते.

नातीची दहावीची परीक्षा 2026 च्या मार्चमध्ये आहे. अकरावीला तिला विज्ञान घ्यायचे आहे, आणि क्लासची दोन वर्षांची फी घराच्या दोन महिन्यांच्या मिळकतीहून जास्त आहे. सुनेच्या मते ती शिलकीतून टप्प्याटप्प्याने भरावी, मुलाला क्लासच सुचवत असलेला हप्ता सोयीचा वाटतो, आणि आजींनी पाटल्या पुन्हा बाहेर काढल्या आहेत. तिघांनी मिळून पुढच्या दोन वर्षांच्या तारखेच्या खर्चाचा कागद या वेळी आधीच केला आहे. तो घेऊन ते पुढच्या आठवड्यात येणार आहेत, नातीसकट.